दोनाचे सात

११ फेब्रुवारी, शनिवार

ति. दादा,

नमस्कारानंतर 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायचं असतं, शाळेत तसंच शिकवलं होतं. ते वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी कागदच बदलला.

तू फोन उचलत नाहीस. तुझ्याबरोबर खाणीवर गाडी चालवणारा तो चष्मेवाला सुट्टीवर आलाय, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि ओळींत अंतर सोडलंय, म्हणजे सावकाश का होईना तुझं तुलाच वाचता येईल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. लपवण्यासारखं काही नाही यात, पण घरचं आहे.

बाबा बरे आहेत. छातीवरची शिवण भरून आली. ते म्हणतात, "गिलावा झकास केलाय, भिंतीतली ओल काढली की नाही ते देवाला ठाऊक." सकाळी कोपऱ्यापर्यंत चालून येतात. परांचीवर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणजे गवंड्याने काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांचा मुकादम भेटायला आला होता. अर्धा तास बसला, चहा घेतला, बरं वाटेल म्हणाला, आणि जाताना बाबांची थापी मागून घेऊन गेला. "पडूनच आहे ना," म्हणाला. बाबांनी स्वतः उठून काढून दिली.

गोळ्या चार आहेत. तीन स्वस्त आहेत, त्यांचं काही नाही. चौथी हृदयासाठी, रोज सकाळी एक, जन्मभर. आईने तिचं नाव सासूबाई ठेवलंय. "हिला एक दिवस विसरून चालत नाही, हिच्यापुढे बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं आणि घरातलं सगळं हिलाच आधी." सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडते, "सासूबाईंचं झालं का?" आणि बाबा ओरडतात, "झालं!" मी प्रेसला जायच्या घाईत हे ऐकते आणि मला बरं वाटतं.

विम्याचं पुढच्या वर्षाचं पत्र आलं. हप्ता दुपटीला थोडा कमी. ज्यांनी ऑपरेशनचा एक पैसा दिला नाही, ज्यांच्यापायी तुला तुझा टेम्पो विकून हॉस्पिटलचं बिल भरावं लागलं, त्यांनाच आणखी पैसे द्यायचे. मी प्रेसमधून उचल घेऊन भरले. आईचं नावही त्याच पॉलिसीत आहे. तिच्या गुडघ्यांचं आणि डोळ्यांचं पुढेमागे काही निघालं तर हाताशी काही हवं. शिवाय क्लेम फेटाळल्यावर अर्ज करायला एक खिडकी असते म्हणे. पॉलिसी चालू असली तरच ती खिडकी उघडते. मी अर्ज करणार आहे.

नामंजुरीचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. पॉलिसीच्या फॉर्मवर 'कोणताही आजार नाही' आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'रक्तदाब, ७ वर्षे'. पॉलिसी तीन वर्षांची. त्यांना एवढं पुरलं.

त्या दिवशी वॉर्डच्या दारात तू बाबांना म्हणालास, "तीन वर्षं उन्हातान्हात गाडी हाकून मी हप्ते भरले आणि तुम्ही डॉक्टरपुढे सगळं ओकलात. गप्प बसायला काय पडलं होतं?" बाबा गप्प बसले. त्यांची ती मान खाली घालणं तुला कबुलीसारखं वाटलं असणार. त्याच संध्याकाळी तू गेलास.

त्याबद्दल मला तुला काही लिहायचं आहे. आज नको.

तुझी,
मास्तरीण

(तूच ठेवलेलं नाव. आता घरात कुणी त्या नावाने हाक मारत नाही.)


५ मार्च, रविवार

ति. दादा,

चष्मेवाल्याचा निरोप आला. "घेतलं आणि खिशात घातलं." वाचलंस की नाही ते त्याला विचारायचं राहिलं. विचारलं नाही तेच बरं.

मागच्या पत्रात 'बाबा बरे आहेत' असं लिहिलं होतं. ते तपासल्याशिवाय लिहिलं. दिवसभर प्रेसमध्ये प्रुफं तपासणाऱ्या माझ्यासारखीने तरी तसं करायला नको होतं.

परवा आई कपडे धूत होती. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात बोट घातलं तर आत काहीतरी चिकट लागलं, गुलाबी. आधी तिला वाटलं खडू. मग तिने मला बोलावलं. मी हुंगून पाहिलं, रंग पाहिला. आई म्हणाली, "सासूबाई विरघळल्या गं."

मी पाकिटं मोजली. महिन्याला तीस लागायला हव्यात. दोन महिन्यांत चाळीससुद्धा संपल्या नव्हत्या. 'झालं' म्हणून ओरडायचं, गोळी मुठीत घ्यायची, पाणी प्यायचं, मग गोळी खिशात. आणि आम्ही बाहेर पडलो की परत डब्यात. त्या दिवशी ठेवायची विसरले, म्हणून सापडले.

मी विचारलं, "बाबा, असं किती दिवस चाललंय?"

"एक दिवसाआड त्यांना सुट्टी देतो. म्हातारं माणूस, रोज रोज कशाला कामाला लावायचं?"

"हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांनी रोज सांगितलंय."

"डॉक्टरांनी सिमेंटचं सांगितलं असतं तर मीही ऐकलं असतं. एकाला चार वाळू म्हणतात, आपण एकाला सहा लावतो. कुठली भिंत पडली आजवर?"

आई म्हणाली, "तुमची पडली की! चार महिन्यांपूर्वी!" आणि तिने धुण्याचा पिळा बादलीत इतक्या जोरात आपटला की पाणी माझ्या अंगावर आलं.

बाबा हसले. आईसुद्धा. मला हसू आलं नाही, मला भीती वाटली. घरात एवढं हसू येत असताना एखाद्याला मरायला सोपं जात असेल.

मग मी जवळ बसून परत विचारलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुझ्या पगाराचं काय होतं ते दिसतं मला. मला वाचता येत नाही, पण दिसतं."

आता गोळी मी देते. समोर उभी राहून, तोंड उघडून दाखवा म्हणते. ते दाखवतात, लहान मुलासारखे, जीभ वर करून. मला ते बघवत नाही. पण बघते.

दुकानात गेले होते. औषधवाला म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून दर वाढतोय, आताच दोन महिन्यांच्या नेऊन ठेवा."

"परत? डिसेंबरात तर वाढला होता."

"बाई, दर मी ठरवत नाही. मी फक्त शिव्या खातो. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत."

दोन महिन्यांच्या घ्यायला पैसे नव्हते. पंधरा घेतल्या.

आणि दुसऱ्याच दिवशी प्रेसमध्ये औषधांच्या दरपत्रकाची प्रुफं माझ्या टेबलावर आली. वितरक दर तीन महिन्यांनी आमच्याकडूनच ते छापून घेतो आणि दुकानांना वाटतो. पान चौदावर सासूबाई होत्या. मूळ कागदावरचा आकडा आणि छापलेला आकडा ताडून पाहायचा, हे माझं काम. मी बोट ठेवून पाहिला. बरोबर होता. मी शेजारी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. दुसरं काय करणार?

तुझी,
मास्तरीण


१९ मार्च

दादा,

हे पत्र चष्मेवाल्याकडे देत नाही, टपालाने पाठवते आहे. जाड पाकिटात. कृपा करून एकट्यानेच वाच.

बाबा डॉक्टरपुढे काही ओकले नाहीत. बाबांच्या तोंडाला तेव्हा नळी होती. ते बोलूच शकत नव्हते. हे तुझ्या लक्षात आलं नाही, आईच्याही नाही. रागात माणूस एवढं कुठे बघतो.

भरती करून घेताना शिकाऊ डॉक्टरीणबाई होती. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल, डोळ्यांखाली काळं, दोन रात्री झोपलेली नसावी. तिने आईला काहीतरी विचारलं, आई रडत होती, आई काय म्हणाली ते आईलाही आठवत नाही. तिने लिहिलं 'रक्तदाब, २ वर्षे'. कागद सहीसाठी माझ्याकडे दिला. घरात वाचता येणारी मी, त्यामुळे कागद माझ्याकडेच येणार.

मी तो वाचला. तुला माहीत आहे मी कशी वाचते. बाबांचं वय एक वर्षाने चुकलं होतं, ते सांगितलं. पत्त्यातला घर नंबर चुकला होता, तोही सांगितला. मग मी म्हणाले, "इथे दोन नाही, सात हवेत."

ती म्हणाली, "चालेल हो, उपचारात फरक पडत नाही."

मी म्हणाले, "पण सातच आहेत. मी स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. चिठ्ठी वाचायला." दहावीत होते मी. बाबांना चक्कर आली होती, तू गाडीवर होतास, मग शाळेच्या गणवेशातच गेले होते. ती चिठ्ठी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा दवाखान्यातल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि बाबांची मान ताठ झाली होती. मला ते साल कसं विसरता येईल?

तिने खांदे उडवले, दोनावर काट मारली, सात लिहिले आणि शेजारी माझी सही घेतली. मी ती झोकात केली.

फॉर्मवर तुम्ही 'आजार नाही' लिहून घेतलंय हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी वसतिगृहात होते. खरं लिहिलं तर हप्ता परवडणार नाही असं एजंट म्हणाला आणि तू 'नाही लिहा' म्हणालास, हे मला नंतर आईकडून कळलं. मी तुला दोष देत नाही. देणारी मी कोण? पण दोन राहिले असते तर आजार पॉलिसी घेतल्यानंतरचा ठरला असता. पैसे मिळाले असते. टेम्पो तुझ्या दारात असता. दोनाचं ते खोटं तुझं नव्हतं की बाबांचं नव्हतं, ते त्या दमलेल्या मुलीच्या हातून आपोआप झालं होतं. कुणाचंच नव्हतं ते खोटं, देवाघरून आल्यासारखं. मी ते पुसलं.

बाबा खाटेवरून बघत होते. नळीमुळे बोलता येत नव्हतं, डोळे उघडे होते. पुढे नामंजुरी आल्यावर तू त्यांच्यावर ओरडलास तेव्हा नळी निघाली होती. ते 'मी नाही' एवढं म्हणू शकले असते. मी दोन हातांवर उभी होते. मीही म्हणू शकले असते.

पाच महिने मी रोज ठरवते आहे की आज सांगते. माझ्या हातून चूक सुटत नाही असं सगळे म्हणतात.

शिक्षा काय द्यायची ती मला दे. बाबांशी बोल.

तुझी


३० एप्रिल, रविवार

दादा,

फोन केलास.

प्रेसचा तो नंबर तुझ्याकडे अजून आहे हे मला माहीत नव्हतं. मशिनी चालू होत्या, फोरमनने हाक मारली, "भावाचा आहे." मी धावत गेले. तू म्हणालास, "तू होतीस?" मी 'हो' म्हणाले. तिकडे गाड्यांचे आवाज येत होते. मी 'दादा' म्हणाले, 'दादा, ऐकतोयस ना' म्हणाले. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. फोरमन विचारत होता सगळं ठीक ना. मी म्हणाले, ठीक.

त्यानंतर महिनाभर काही नाही. म्हणून आता मला सगळंच लिहायला सोपं जातंय. तू वाचत नसशील असं धरून लिहिते.

अर्जाचं सांगते. विमा कंपनीची खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे. छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसांच्या अर्जाची खिडकी, आणि लिफ्ट बंद. मी एकटी गेले होते म्हणून बरं. खिडकीतला माणूस चांगला होता, तेच वाईट वाटलं. कुणी खेकसलं असतं तर रागवता आलं असतं. तो म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण माझ्या पटण्याला इथे रकाना नाही."

एजंट मात्र भेटला. तोच, ज्याने फॉर्म भरला होता. आता मोठी गाडी आहे त्याच्याकडे. तो म्हणाला, "सोपं आहे. केसपेपरवर खाडाखोड आहे ना? मग लिहून द्यायचं, की घाबरलेल्या अवस्थेत नातेवाइकाने चुकीची दुरुस्ती केली, मूळ नोंद दोन वर्षांचीच बरोबर होती. सही तुमची, त्यामुळे खुलासाही तुमचाच हवा. डॉक्टर नुसतं 'पाहिलं' म्हणून सही करतील."

मी म्हणाले, "पण दुरुस्ती बरोबर होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," असं म्हणाला, आणि मला त्यातला सूर कळला नाही असं मी दाखवलं.

चार दिवस मी कागद घेऊन बसले. एक ओळ लिहायची होती. 'मला नक्की माहिती नसताना मी हा बदल सुचवला.' दर वेळी 'नक्की' या शब्दाशी हात थांबायचा. आई पिशव्यांना बंद शिवत समोर बसायची. तिने एकदाही विचारलं नाही काय लिहितेस. ते विचारण्यापेक्षा जड होतं.

शेवटी बाबांनी विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, राहू दे पोरी, खोटं कशाला लिहितेस. खरं सांगते दादा, मी त्याचीच वाट बघत होते. म्हणजे मग सगळं त्यांच्यावर टाकता आलं असतं, पुन्हा एकदा.

ते म्हणाले, "लिही."

मी म्हणाले, "बाबा, खोटं आहे."

"मग? ती कंपनी काय खरं बोलत्येय? लिही आणि टाक. पोराची गाडी परत येईल."

म्हणजे एवढे दिवस त्यांच्या डोक्यात तेच होतं. गोळ्या नव्हत्या, छाती नव्हती. तुझी गाडी.

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मोठ्या डॉक्टरांनी 'पाहिलं' लिहून सही केली, वर न बघता. परवा देऊन आले. खिडकीतल्या माणसाने कागद हातात घेतला, वाचला, आणि मला वाटलं तो काहीतरी बोलणार आहे. पण त्याने शिक्का मारला आणि पोच दिली.

चुकून वाचत असशील तर, बाबांना फोन कर. तुला रागवायचं असलं तर नंबर माझाही तोच आहे.


४ जून

दादा,

उत्तर आलं. एका पानाचं.

आधी मी सात वर्षं म्हणून सही केली, आता त्याच सहीने दोन म्हणते. म्हणजे यातलं एक जाणूनबुजून खोटं आहे. तेव्हा अर्ज फेटाळण्यात येत आहे, आणि माहितीत दिशाभूल केल्याबद्दल पॉलिसी रद्द करण्यात येत आहे. सर्व लाभार्थ्यांसह. भरलेला हप्ता परत मिळणार नाही.

सर्व लाभार्थी म्हणजे आई.

मी ते पत्र दोनदा वाचलं, सवयीप्रमाणे. एकही चूक नाही त्यात. कुणीतरी माझ्यासारखीनेच तपासलं असेल.

दुसऱ्या दोन कंपन्यांत जाऊन आले. बाबांना कुणी घेत नाही. आईला घेतात, पण वय, गुडघे, आणि 'यापूर्वी पॉलिसी रद्द झाली आहे का' असा एक प्रश्न असतो. तिथे 'हो' लिहिलं की हप्ता माझ्या निम्म्या पगाराएवढा होतो. फॉर्म भरून घेणारी पोरगी समोर बसली होती, ती हळूच म्हणाली, "'नाही' लिहिलं तरी लगेच कुणी बघत नाही." मी फॉर्म तसाच परत केला.

आईला एवढंच सांगितलं की अर्ज फेटाळला. तिचं नाव गेलं हे सांगितलं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे, निदान मला तरी काही होत नाही अजून." आणि सुई दोरा ओवायला माझ्याकडे दिली. तिला अलीकडे भोक दिसत नाही.

बाबांनी काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर त्यांना वाचता येतं. त्या दिवसापासून मी सकाळी तोंड उघडा म्हणणं बंद केलंय. म्हणायचं धाडस होत नाही. परवा डबा उघडला, पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, आणि डबा बंद करून ठेवला. पुरवून चालल्या आहेत. मला कळलंय हे त्यांना कळलंय.

हे तुला लिहिताना मला लाज वाटते. पण आता घरात खरं बोलायची एवढीच एक जागा उरली आहे, तुझं न येणारं उत्तर.


२१ जून, बुधवार

दादा,

आज बाबांना तपासणीला नेलं होतं.

जिना चढताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. दर वेळी भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "प्लास्टर बघ कसं केलंय, ओळंबा लावलाच नाही," म्हणजे मला वाटावं की भिंत बघायला थांबलेत. पाय सुजलेत. बूट चढत नाहीत, चपला घालून आले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, रक्तदाब घेतला, परत घेतला. मग कागदावर बघत विचारलं, "हृदयाची गोळी रोज चालू आहे ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, विनवणी नव्हती त्या नजरेत. परांचीवर वर उभ्या माणसाने खालच्याकडे बघावं तसं, एवढंच, की दोर धरलायस ना.

मी म्हणाले, "हो. रोज."

कुठे अडखळले नाही. ओळ खोडली नाही. या वेळी काही मिळणारही नव्हतं. ना क्लेम, ना गाडी. नुसतं एका म्हाताऱ्याला परक्या माणसापुढे 'परवडत नाही' म्हणावं लागू नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "मग ही ताकद पुरत नाही असं दिसतंय." आणि त्यांनी दुप्पट ताकदीची लिहून दिली.

मला तिथेच सांगता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला, बाबा सदऱ्याची बटणं लावत उठले, आणि डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी दाखवा."

बाहेर बाकावर बसलो. मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांना दुप्पट म्हणजे काय ते लगेच कळलं. क्षणभर विचार करून म्हणाले, "बरं झालं की मग. दुप्पट ताकदीची एक दिवसाआड घ्यायची. हिशोब बरोबर जमला!" आणि मांडीवर थाप मारून हसले, कितीतरी दिवसांनी. हसताना धाप लागली. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज चांगलं बोललीस डॉक्टरांपुढे. आता कुठे शिकलीस तू."

दादा, गोळ्यांच्या पाकिटांत घालायचे माहितीचे कागद आमच्याच प्रेसमध्ये छापतात, मी ते रोज तपासते. बारीक टायपात छापलेलं असतं, असं करू नये म्हणून, केलं तर काय होतं तेही. मला पाठ आहे. मी बाबांना ते सांगितलं नाही. ते खूश होते. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही जिना उतरलो.

आता प्रेसमध्ये आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात दोनदा फोन केला. पहिल्यांदा मुलीने नाव विचारलं तेव्हा ठेवून दिला. दुसऱ्यांदा म्हणाली, काय सांगायचं ते इथे येऊन सांगा, पण तपासणीची फी पुन्हा पडेल. मी जाणार आहे. असं ठरवलंय. जाऊन म्हणायचं, रोज नाही, मी खोटं बोलले. मग ते काय करतील? पहिलीच गोळी रोज घ्या म्हणतील. ती तर आम्हाला आधीही माहीत होती.

नव्या गोळीचा दर मला दुकानात विचारायची गरज नाही. पान चौदा, जुन्या गोळीच्या खालची ओळ.

तू ये. पैसे आणू नकोस, माझ्यावरचा राग घेऊन ये हवा तर. उद्या सकाळी बाबा हात पुढे करतील, आणि त्या हातावर काय ठेवायचं, जुनी, नवी, अर्धी की काहीच नाही, हे ठरवताना दुसरं कुणीतरी माझ्या शेजारी उभं हवंय.